आजोबांची कबर बहुतेक हीच आहे, पण अक्षरं पुसट झालीत. ॲसिडने साफ केली तर चालेल का?

ॲसिड अजिबात नको. संगमरवर ॲसिडने विरघळतो. दगड पांढरा दिसतो तो वरचा थर गेल्यामुळे, आणि अक्षरं त्याच थरात असतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

पण तुमच्या प्रश्नातल्या 'बहुतेक' या शब्दाशी मी अडले.

आम्ही नाशिकचे, शरणपूर भागातले मराठी ख्रिस्ती. आजी १९८७ च्या पावसाळ्यात गेली. दगड घडवायला पैसे नव्हते, म्हणून आजोबांनी तिचा पाटाच उशाशी उभा रोवला. नाव नाही, काही नाही. आजोबा गेल्यावर मोठे काका पुढे झाले. दफनाच्या वेळी ते नोकरीमुळे बाहेरगावी होते, पण त्यांचं ठाम म्हणणं, "कडुलिंबापासून दुसरी." दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही तिथलं गवत काढायचो, चुना मारायचो, झेंडू वाहायचो, मेणबत्त्या लावायचो. सात वर्षं.

आत्या संगमनेरहून यायची आणि आपली मेणबत्ती चार कबरी पलीकडे लावायची. काका म्हणायचे, हिला आता दिसत नाही. मीही तिला हाताला धरून 'आमच्या' कबरीपाशी आणलंय. ते आठवलं की आजही घशाशी येतं.

मग एका वर्षी पुण्याचं एक कुटुंब त्याच दिवशी आलं. "आमच्या आईच्या कबरीला दरवर्षी चुना कोण मारतं, हेच आम्हाला कळत नव्हतं," असं म्हणत त्या बाईंनी माझे हात हातात घेतले. चुन्याचे थर ओले करून लाकडी पट्टीने काढले, तर खाली त्यांच्या आईचं नाव. कडुलिंब पूर्वी दोन होते. आजीजवळचा वादळात पडला आणि काका उरलेल्यापासून मोजत होते.

आत्या तिच्या दगडाशी बसली आणि शेवाळ बाजूला करून म्हणाली, "हात लाव." बोटांना टाकीच्या खुणा लागल्या. त्याच पाट्यावर ती लग्नापर्यंत मसाला वाटत होती.

माझे वडील शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेल्या जेकब वेनराइट या आफ्रिकी तरुणाची गोष्ट अभिमानाने सांगत. तो प्रसिद्ध मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या सोबत होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले. त्यांचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं, त्या झाडावर नाव कोरलं ते या वेनराइटने. पुढे झाड किडलं, अक्षरांचा तुकडा कापून लंडनला न्यावा लागला आणि त्या जागी दगडी स्मारक उभारलं. झाडाच्या खुणेवर भरवसा ठेवू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तेव्हा आधी चर्चमधली दफनाची नोंदवही बघा. अंधार पडताना टॉर्च दगडाला चिकटून आडवा धरा, सावलीमुळे पुसट अक्षरंही वाचता येतात. आणि घरातल्या लेकींना विचारा. सासरी गेली म्हणून आईची जागा विसरली, असं होत नाही.

हो, पाण्याचं सांगितलं ते दगड पक्का असेल तर. पापुद्रे निघत असतील तर ब्रशही लावू नका. नवी फरशी बसवायची तर पाळकसाहेबांना आधी विचारा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घाईने बसवलेली फरशी तडकते.

पाट्याशेजारी आता आजीच्या नावाचा दगड आहे. "तुझं बरोबर होतं" एवढं काकांनी आत्याला अजून म्हटलेलं नाही. ती ७८ वर्षांची आहे. हे उत्तर मी काकांना पाठवते आहे.