‘हे गेले तर माझ्या लेकीचं काय?’

दुसरं लग्न केलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा पहिल्या दोन भेटींत मालमत्तेचं नावही काढत नाहीत. झोप लागत नाही, चिडचिड होते, ‘ह्यांचा’ मुलगा नीट बोलत नाही, असं सांगतात. मग तिसऱ्या भेटीला, निघता निघता दारात थांबून विचारतात, ‘मॅडम, हे गेले तर माझ्या लेकीचं काय?’

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. त्यासाठी एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या सत्तेचाळीस वर्षांच्या, विधवा, एकोणीस वर्षांची एक मुलगी. त्यांचे यजमान चौपन्नचे. त्यांची पहिली पत्नी नऊ वर्षांपूर्वी आजारपणात गेली. तिचा मुलगा आता चोवीसचा. दुसऱ्या लग्नाला सहा वर्षं झालेली. मुलगा ह्यांना ‘मावशी’ म्हणतो. लेक मात्र सावत्र वडिलांना मनापासून ‘बाबा’ म्हणते आणि त्यांनीही तिच्या शिक्षणात कधी हात आखडता घेतलेला नाही.

मृत्युपत्राचा विषय निघाला की यजमानांचं उत्तर ठरलेलं होतं: ‘सगळीकडे नॉमिनी म्हणून तुझं नाव टाकलंय, मग काळजी कसली? आणि मी काय इतक्यात जातोय?’ बाई गप्प बसायच्या. का, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. ‘जास्त बोलले तर वाटेल, घरासाठीच लग्न केलं.’ सहा वर्षं त्या या एका वाक्याच्या धाकात राहत होत्या. हे वाक्य त्यांना कोणी ऐकवलेलंही नव्हतं.

अशा घरांत सगळे एकमेकांना सांभाळून घेत असतात, म्हणून कोणीच बोलत नाही. पण तुम्ही काही लिहून ठेवलं नाही म्हणून वाटणी थांबत नाही, ती कायद्यानं होते. आणि कायदा रक्ताचं आणि लग्नाचं नातं बघतो, कोणी कोणाला बाबा म्हणतं ते बघत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची स्वतःची मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांच्यात समान वाटली जाते. यात बायकोच्या आधीच्या लग्नाची मुलगी बसत नाही. बाईंच्या बाजूनंही तेच. स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मुलं आणि नवरा समान वाटेकरी असतात, पण या ‘मुलां’मध्ये सावत्र मुलगा मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्येच स्पष्ट केलंय. दत्तक घेतलं तर चित्र बदलतं, पण हिंदू दत्तक कायद्यानुसार दत्तकासाठी मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं लागतं. ही लेक एकोणीसची. तो रस्ता बंद झालेला होता.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक, सोसायटी किंवा कंपनी कोणाच्या हाती पैसे किंवा कागद सोपवून मोकळी होते, एवढंच त्यातून ठरतं. पुढे वारस आपला हिस्सा त्याच्याकडे मागू शकतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर तेच लाभार्थी धरले जातात. या यजमानांनी सगळे कागद काढले तेव्हा एका जुन्या विमा पॉलिसीवर नॉमिनी म्हणून अजून पहिल्या पत्नीचंच नाव होतं. ते पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

इथे माझी एक चूक झाली, ती सांगायला हवी. दोघांशी दोन भेटी झाल्यावर मी चौघांना एकत्र बोलावलं. घाई झाली. यजमानांनी सुरुवात केली, ‘आपल्या घराचं काय करायचं ते एकदा ठरवू’, आणि मुलगा ताडकन म्हणाला, ‘ते घर आईचं आहे. तिच्या पगारातून हप्ते गेलेत.’ तो उठून गेला. लेक रडायला लागली. मुलाला आधी एकट्याला भेटायला हवं होतं. त्याचं दुःख त्याला कोणी विचारलंच नव्हतं आणि मी त्याला एकदम वाटणीच्या बैठकीत बसवलं.

नंतर तो एकटा आला, तेव्हा समजलं की सगळं एका बांगड्यांच्या जोडावरून पेटलं होतं. कॉलेजच्या कार्यक्रमाला बाबांनी लॉकरमधून त्याच्या आईच्या बांगड्या काढून लेकीला घालायला दिल्या होत्या. त्यांनी मायेनंच दिल्या. मुलानं तिच्या हातात त्या पाहिल्या आणि दोन दिवस घरी जेवला नाही. कोणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

पुढचं काम वकीलबाईंनी केलं. फ्लॅटचा मूळ करार पाहिला तर त्यात नवरा आणि पहिली पत्नी अशी दोघांची नावं, हिस्सा निम्मा-निम्मा. पत्नी मृत्युपत्र न करता गेलेली. सोसायटीनं नॉमिनी म्हणून पतीच्या नावावर भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) केलं आणि त्या दिवसापासून ते घर पूर्णपणे आपलं समजत आले. पण पत्नीच्या निम्म्या हिश्श्याचे वारस दोघे होते, नवरा आणि मुलगा. म्हणजे घराचा एक चतुर्थांश हिस्सा नऊ वर्षांपूर्वीच मुलाचा झालेला होता. बांगड्यांचंही तसंच, त्यातही त्याचा निम्मा वाटा.

हे ऐकून वडील गप्प झाले. मग म्हणाले, ‘म्हणजे तो बोलला ते खरंच होतं.’

माझ्या मते या कुटुंबाचं वळण इथे आलं, मृत्युपत्र नंतरची गोष्ट. वडिलांनी मुलाला माझ्यासमोर सांगितलं, ‘तुझा चौथा हिस्सा तुझाच. मी तुझ्याकडून हक्कसोड मागणार नाही.’ मुलगा त्यासाठीच जीव मुठीत धरून बसला होता. कोणीतरी सहीसाठी कागद पुढे करेल आणि आईचं उरलंसुरलं जाईल, अशी त्याला भीती होती. ती गेल्यावर त्यानंच विचारलं, ‘मावशीचं काय होणार?’

मग ठरलं ते असं. वडील स्वतःच्या तीन चतुर्थांश हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करतील. तो हिस्सा शेवटी मुलाकडे जाईल, पण पत्नीला हयात असेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क राहील आणि तोवर ते विकता येणार नाही. मुलगा आपल्या हिश्श्यापुरती तशीच लेखी संमती देईल. लेकीसाठी ठरावीक मुदत ठेवी, तिचं पूर्ण नाव आणि नातं लिहून. नुसतं ‘माझी मुलं’ असं लिहून भागत नाही, सावत्र मूल त्यातून निसटू शकतं.

राहण्याच्या हक्काचं कलम वकिलांकडूनच लिहून घ्या, हे मी हात जोडून सांगते. हिंदू स्त्रीला तिच्या निर्वाहाच्या हक्कापोटी हयातभरासाठी दिलेली मिळकत पुढे तिच्या पूर्ण मालकीची ठरू शकते, हे १९७७ च्या तुलसम्मा खटल्यापासून न्यायालयांनी मान्य केलेलं आहे. राहण्याचा हक्क द्यायचाय की मालकी, हे कागदात स्वच्छ हवं. नाहीतर ज्या दोघांना भांडणापासून वाचवायचं, तेच पुढे कोर्टात समोरासमोर उभे राहतात.

बाकी मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी यांनी नोंदणी केली, आणि अशा कुटुंबात ती करावीच असं मला वाटतं. दोन साक्षीदार लागतात. ते असे घेतले ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही आणि जे यजमानांपेक्षा वयानं लहान आहेत. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून दोन्ही मुलांचा विश्वास असलेल्या एका दूरच्या नातेवाइकाला नेमलं. आणखी एक गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नसते: हिंदूंमध्ये पुन्हा लग्न केल्यानं आधीचं मृत्युपत्र रद्द होत नाही. पहिल्या संसारात केलेलं असेल तर ते आजही लागू असू शकतं. यांचं नव्हतं. तुमचं असेल तर कपाटातून काढून वाचा.

बांगड्या मुलाकडे गेल्या. बाईंनीच त्या रुमालात बांधून त्याच्या हातात दिल्या. तो ‘थँक्यू मावशी’ म्हणाला. ‘आई’ म्हणाला नाही. त्यानं तसं म्हणावं अशी बाईंचीही आता अपेक्षा नाही, आणि त्यामुळे दोघंही बरीच मोकळी झालीयेत.

एक काम राहिलंय, ते बाईंच्या स्वतःच्या मृत्युपत्राचं. पहिल्या नवऱ्याच्या विम्याचे पैसे त्यांनी लेकीसाठी म्हणून वेगळे ठेवलेत. त्या काही न लिहिता गेल्या तर त्यातला निम्मा वाटा आजच्या यजमानांना जाईल, आणि त्यांच्या मागे त्यांच्या मुलाला. मी हे सांगितलं तेव्हा त्या दचकल्या. सगळा वेळ ‘ह्यांच्या’ कागदांची काळजी करत होत्या, स्वतःच्या कागदाचा विचारच मनात आला नव्हता. पुढच्या महिन्यात वकीलबाईंकडे जाणार आहेत. त्याआधी लेकीला घेऊन माझ्याकडे येतो म्हणाल्या, तिला तिच्या वडिलांबद्दल काही विचारायचंय.