माझ्यावर राज्यच येत नाही

"मॅडम, शाळेला एक पत्र द्या. पीटीच्या तासाला याला बसवून ठेवा म्हणावं. पडला तर निस्तरायचं कोणी?" आई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. मुलगा चौथीतला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी; दोन्ही पायांत ताठरपणा, पोटऱ्यांपर्यंत आधाराचे स्प्लिंट. शाळा सुरू झाली की ही मागणी माझ्याकडे येतेच.

पत्राची गरज नव्हती, तो बसूनच असायचा. पीटीला त्याचं काम म्हणजे वर्गाच्या पाण्याच्या बाटल्या राखणं. कुणाची बाटली कुठली, सगळं तोंडपाठ. मग हळूच म्हणाला, "सुट्टीत पोरं मला खेळायला घेतात. पण लिंबूटिंबू. माझ्यावर राज्यच येत नाही."

पालकांना मी सहसा मुरलीकांत पेटकरांचा दाखला देत नाही. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये, पोहून त्यांनी सुवर्णपदक आणलं, ते थोरच. या पोराला मात्र पदक नको होतं, राज्य हवं होतं.

पडण्यापेक्षा आईंना वेगळीच धास्ती होती, खेळून ताठरपणा वाढेल ही. एके काळी जाणकारही तसंच सांगायचे. आता तसं मानत नाहीत. हालचाल थांबली तर स्नायू जास्त आखडतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं अंगमेहनत सांगितली, आणि दिव्यांग मुलांनाही तोच आकडा दिला. सुरुवात अर्थात झेपेल तेवढ्यानेच. काय टाळायचं ते मुलागणिक वेगळं: डाउन सिंड्रोम असेल तर मानेबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटी नको. याच्यासाठी फिजिओथेरपिस्टनी अर्धं पान लिहून दिलं. स्प्लिंट काढायचे नाहीत, दमला की पाच मिनिटं सावलीत, खडीवर पळापळ नाही. "पडेल तर खरंच," त्या आईंना म्हणाल्या, "कसं पडायचं ते मी शिकवते."

राहिले पीटीचे सर. साठ मुलं, एक मैदान. त्यांचीही भीती खोटी नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेने खेळाची संधीसुद्धा बरोबरीने द्यायची असते. ते कलम मी पिशवीतच ठेवलं. कलम दाखवलं की मूल मैदानात उभं राहतं, खेळत नाही. मी सरांना ते अर्धं पान दिलं, आणि नियम पोरांनाच ठरवू द्या म्हटलं.

पोरांनी दहा मिनिटांत ठरवलं. आखणी लहान करायची. याच्यावर राज्य आलं की बाकीच्यांनी लंगडी घालत पळायचं, आणि याने स्पंजचा चेंडू मारला तरी आऊट. असलं मला सुचलं नसतं.

पंधरा दिवसांनी आईंचा फोन आला. गुडघा खरचटलाय, आणि पोरगं घुश्शात आहे. "तीनदा लागोपाठ माझ्यावरच राज्य आलं, म्हणतो. सगळे रडीचा डाव खेळतात म्हणे!"