गेम चांगलाय, मग काळजी कशाला करायची?

मारधाडीच्या गेमबद्दल पालकांचं मत ठरलेलं असतं. गोंधळ उडतो तो पाणी, लाकूड, धान्य जपून वापरायला लावणाऱ्या गेमबद्दल. नववीतल्या एका मुलाची आई मला हेच विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "मॅडम, ना शिव्या, ना गोळीबार. रागवायचं तरी कशावरून? पण रात्री एक वाजेपर्यंत खेळतो आणि सकाळी उठता उठत नाही."

मुलाशी वेगळं बोलले. आधी गेमच समजून घेतला, कारण त्याशिवाय मुलं मोकळी होत नाहीत. गेमचं नाव 'टिंबरबॉर्न', मेकॅनिस्ट्री या पोलिश स्टुडिओने २०२१ मध्ये आणलेला. माणसं संपल्यानंतरच्या जगात बीव्हर, म्हणजे लाकडं कुरतडून नदीवर बांध घालणारे प्राणी, वस्ती उभारतात. ठरावीक काळाने दुष्काळ येतो, नदी आटते, बांध घालून पाणी अडवलं नसेल तर शेतं वाळतात. नुसती झाडं तोडत गेलं आणि नवी लावली नाहीत, तर लाकूड संपतं. "तळं पसरट केलं की पाण्याची वाफ जास्त होते मॅडम, खोल करायचं," तो म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वस्ती ओस पडल्यावर त्याने स्वतः शोधलं होतं. मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं आणि तसं मी त्याला सांगितलंही.

पण झोपेचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये गेमिंग विकाराची लक्षणं दिली आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान होऊनही खेळत राहणं. हे साधारण १२ महिने चाललेलं असावं आणि त्याने अभ्यास, घर, मैत्री यांचं ठळक नुकसान झालेलं असावं. या मुलाचे मित्र, क्रिकेट, मार्क जागेवर होते. विकार नव्हता, पण झोपेची हेळसांड होती. या वयात आठ ते दहा तास झोप लागतेच, मग गेम कितीही शहाणा असो.

अडचण गेमच्या रचनेत होती. त्याला शेवट नाही आणि दुष्काळ लांबत जातात. "एवढा दुष्काळ निभावू दे" म्हणता म्हणता रात्र सरते. आई नेमकी त्याच वेळी लॅपटॉप ओढून घ्यायची आणि भांडण पेटायचं. आम्ही तिघांनी बसून ठरवलं: साडेनऊनंतर नवा दुष्काळ सुरू करायचा नाही, आलाच तर पॉज करून सेव्ह, आणि रात्री लॅपटॉप हॉलमध्ये. रविवारी बाबांनी त्याच्याकडून बांध समजून घ्यायचा. पहिल्या आठवड्यात कुरबुर झाली, पुढे बसलं. आता तो अकराच्या आत झोपतो.

तुमच्या मुलाचे मित्र सुटत असतील, शाळा बुडत असेल, थांबवल्यावर तो तोडफोड करत असेल, तर मात्र घरच्या नियमांवर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.