संगणक उबुंटू (ऑपरेटिंग सिस्टिम) 20.04 वरून 22.04 वर नेल्यावर उरलेली जुनी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे संच) काढावीत का?

राजारामपुरीतल्या डीटीपीच्या दुकानातलं मशीन आहे आणि लग्नसराईचं काम चालू आहे, म्हणता. मग सरसकट काढू नका. दोन याद्या वेगळ्या ठेवा.

‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ (एपीटी म्हणजे पॅकेजेस बसवण्या-काढण्याचं साधन) दाखवतो ती पॅकेजेस दुसऱ्या कशासाठी तरी आपोआप आलेली असतात आणि आता कुणालाच लागत नाहीत. ती बहुधा बिनधास्त काढता येतात. तरी आधी ‘एपीटी -एस ऑटोरिमूव्ह’ चालवा. यात काहीच पुसलं जात नाही, नुसती यादी दिसते. तीत रोजच्या वापरातलं काही दिसलं, तर ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ आणि पॅकेजचं नाव देऊन ते राखून ठेवा. जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) मात्र जाऊ द्यात: बूटचं विभाजन (संगणक सुरू करणाऱ्या फाइल्सचा डिस्कवरचा भाग) वेगळं असेल तर ते भरतं आणि पुढचं अपडेट अर्धवट अडकतं. चालू कर्नल आणि त्याआधीचा एक, एवढे पुरेत.

खरी गोम ‘एपीटी लिस्ट ~ओ’ मध्ये आहे (ओ इंग्रजी, लहान लिपीतला). ही कुठल्याच रेपॉझिटरीत (पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात) नसलेली पॅकेजेस. त्यांना सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, म्हणून जुन्या लायब्रऱ्या (इतर प्रोग्रॅम वापरतात ते कोडचे संच) काढाच. पण डेब फाइलवरून (सुट्या पॅकेजच्या फाइलवरून) हाताने बसवलेला प्रिंटरचा ड्रायव्हरही इथेच दिसतो. तो उडाला की छपाई बंद!