वाफा आधी, वीज नंतर

सांडपाणी शुद्ध करायला पाणवनस्पतींचा वाफा (खडीत झाडं लावून त्यातून पाणी सोडायचं) आणि विद्युत-रासायनिक संच (पाण्यात धातूच्या पट्ट्या बुडवून वीज सोडायची) दोन्ही एकदमच करायचं म्हणताय. उत्साह आवडला, पण संच सध्या बाजूला ठेवा. लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या फॉस्फरस चांगला काढतात, पण त्या झिजतात, त्यांवर थर बसतो आणि वेगळा गाळ निघतो. वाफा नीट चालला की संचाचं बघू.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- वाफ्याच्या आधी गाळ बसवणारी टाकी हवीच. वाफे बिघडतात ते बहुतेक वेळा खडी तुंबून. टाकी वेळेवर उपसली नाही की गाळ आणि तेलकट साय थेट खडीत शिरते. मग खडी काढून धुवायची पाळी येते.
- खडी धुतलेलीच घ्या. मूठभर खडी बादलीत ढवळा. पाणी गढूळ झालं तर पुन्हा धुवा.
- आडव्या प्रवाहाच्या वाफ्यात (पाणी खडीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं) पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाच्या 5 ते 10 सेंटिमीटर खालीच राहू द्या. वर साचलं की डास आणि वास आलेच. बाहेर पडणाऱ्या पाइपला फिरता एल्बो (काटकोनी जोड) लावला की पातळी हवी तशी वर-खाली करता येते.

कर्दळ लावू की पाणकणीस, यावर नवे लोक फार डोकं खपवतात. दोन्ही चालतात. सेंद्रिय घाण खाण्याचं मुख्य काम खडीवर वाढणारे जिवाणू करतात, आणि त्यांना जम बसवायला काही आठवडे लागतात. तोवर पाणी स्वच्छ दिसेना म्हणून काही उकरू नका. स्वच्छ दिसलं तरी त्यात रोगजंतू असू शकतात. कच्च्या खायच्या भाज्यांना ते देऊ नका.

आता आठवडाभर रोजचं सांडपाणी मोजा आणि आकडे कळवा, मग वाफ्याचा आकार ठरवू.