एम.एस.डब्ल्यू. करावे का? केळापूर तालुक्यातील ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुम्ही केळापूर तालुक्यातील एका खेड्यात राहून मराठी आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी.ए. पूर्ण केले, गावातील मुलांचा अभ्यासवर्ग चालवला, आणि आता समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., घ्यावी की घरचे म्हणतात त्याप्रमाणे बी.एड. करावे, असा तुमचा प्रश्न आहे. कोणते महाविद्यालय निवडावे, इंग्रजी कच्चे असले तर चालेल का आणि पुढे नोकरीचे काय, हेही तुम्ही विचारले आहे. मी नागपुरातून एम.एस.डब्ल्यू. केले, नंतर यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत संस्थांमधून काम केले आणि आता आमच्या संस्थेत क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकण्यासाठी, येणाऱ्या विद्यार्थ्यांचे पर्यवेक्षण माझ्याकडे असते. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

माझे मत असे आहे की नावापुढे एखादी पदव्युत्तर पदवी असावी एवढ्यासाठी हा अभ्यासक्रम करू नये. परंतु आठवड्यातून दोन दिवस उन्हातान्हात गावोगाव किंवा रुग्णालयाच्या वॉर्डात फिरण्याची, लोकांचे ऐकून घेण्याची आणि रात्री बसून त्याचा अहवाल लिहिण्याची तयारी असेल, तर जरूर करावा. या पदवीचा खरा गाभा क्षेत्रकार्य हाच आहे. बाकीचे विषय पुस्तकातून समजतात, हे मात्र समजत नाही.

आपल्याकडे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तुमच्या घरीही तो कोणीतरी घेतला असेल. गाडगेबाबा कोणत्या महाविद्यालयात गेले होते? वरोऱ्याला आनंदवन उभारणारे बाबा आमटे वकील होते, गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू करणारे अभय आणि राणी बंग डॉक्टर आहेत. मग समाजकार्याला पदवी कशाला लागते? या मंडळींविषयी मला मनापासून आदर आहे आणि विदर्भात जन्मलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला तो असणारच. परंतु त्यांनी आयुष्य पणाला लावून संस्था उभ्या केल्या, स्वतःची पद्धत स्वतःच घडवली. तुम्हाआम्हाला बहुधा उभ्या असलेल्या व्यवस्थेत बसून काम करायचे असते, आणि तिथे आपल्या हातून लिहिल्या गेलेल्या एका कागदावर दुसऱ्याचे भवितव्य ठरते. बाल न्याय अधिनियम, २०१५ चेच उदाहरण घ्या. कायद्याशी संघर्ष झालेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकाचा सामाजिक तपास अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) १५ दिवसांत बाल न्याय मंडळापुढे ठेवायचा असतो. त्या मुलाला पुढे कोणत्या वाटेने न्यायचे, याचा निर्णय घेताना मंडळाला त्या अहवालाचा आधार घ्यावा लागतो. असा अहवाल केवळ कळकळीच्या बळावर लिहिता येत नाही. तो लिहायला शिकावे लागते आणि शिकवणारा माणूस लागतो.

हे शिकणे म्हणजे नेमके काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि तालुका सांगत नाही. क्षेत्रकार्याला आलेल्या एका विद्यार्थिनीला आम्ही शेतकरी आत्महत्या झालेल्या एका कुटुंबाकडे पाठवले होते. तिने अहवालात लिहिले, ‘बाई पूर्णपणे खचलेली आहे, कुटुंबाला तातडीने मदतीची गरज आहे.’ अहवाल मी तिला परत दिला आणि समासात काही प्रश्न लिहिले: घरात कोण कुठे बसले होते? तुमच्या प्रश्नांची उत्तरे कोणी दिली? सातबारा कोणाच्या नावावर आहे? बँकेचे पासबुक कोणाजवळ असते? ती पुन्हा गेली. दुसरा अहवाल वाचताना मला समाधान वाटले, कारण आता त्यात ते घर दिसत होते. बाईला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दारात उभा असलेला दीर देत होता आणि पासबुक त्याच्या सदऱ्याच्या खिशात होते. जमीन आणि सोसायटीचे कर्ज दोन्ही सासऱ्याच्या नावावर होते. कृषी केंद्राची उधारी मात्र बाईच्याच माथी होती, आणि ही गोष्ट तिने विद्यार्थिनी तिच्यासोबत हातपंपावर पाणी आणायला गेली तेव्हाच सांगितली.

या निरीक्षणाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला २००६ च्या शासन निर्णयानुसार १ लाख रुपयांची मदत मिळते. त्यातील ३० हजार धनादेशाने हाती येतात आणि ७० हजार ठेव म्हणून ठेवले जातात. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते आणि तेव्हा जमीन कोणाच्या नावावर आहे, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे की परवानाधारक सावकाराचे आहे, हे पाहिले जाते. नातेवाइकाचे किंवा विनापरवाना सावकाराचे देणे त्यात बसत नाही. म्हणून कागद कोणते आणि ते कोणाच्या ताब्यात आहेत, हे पहिल्या भेटीतच समजणे फार महत्त्वाचे असते. प्रकरण अपात्र ठरले तरी काम संपत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी २० हजारांची राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना आहे, मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे आणि अवैध सावकाराविरुद्ध २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज कोणी दिला, बाईचे आणि मुलांचे नाव त्यात आहे की वगळले आहे, हेही पाहावे लागते. हे सारे त्या बाईच्या इच्छेने आणि तिच्या वेगाने करायचे असते, कारण तिला त्याच दिरासोबत त्याच घरात पुढची वर्षे काढायची आहेत. अभ्यासक्रमात ज्याला व्यक्तिसहाय्य कार्य (केसवर्क) म्हणतात, ते प्रत्यक्षात हेच आहे.

म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नका, तिथे शिकणाऱ्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि क्षेत्रकार्याविषयी विचारा. एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? वैयक्तिक परिषद, म्हणजे पर्यवेक्षकाची एकेका विद्यार्थ्याशी चर्चा, दर आठवड्याला खरोखर होते का? अहवाल वाचून त्यावर काही लिहून मिळते की केवळ सही होते? दोन वर्षांत कोणकोणत्या संस्थांमध्ये पाठवतात? ग्रामीण शिबिर आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच संस्थेत सलग काही आठवडे काम, नीट होते का? काही ठिकाणी क्षेत्रकार्य कागदावरच उरकले जाते, हे मला दुःखाने सांगावे लागते. अशा ठिकाणी दोन वर्षे घालवून बाहेर पडलेली मुले आमच्याकडे मुलाखतीला येतात तेव्हा त्यांची हुशारी दिसते, परंतु गृहभेट कशी करायची हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

विदर्भात पर्यायांची कमतरता नाही. तुमचा यवतमाळ जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतो. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे नागपूर विद्यापीठात, तर चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठात. तिन्ही विद्यापीठांत समाजकार्य महाविद्यालये आहेत आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एम.एस.डब्ल्यू.साठी अर्ज करता येतो, बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी) असलेच पाहिजे असे नाही. यवतमाळला राहिल्यास खर्च कमी येईल. नागपूरला गेल्यास मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), प्रादेशिक मनोरुग्णालय, कौटुंबिक न्यायालय, झोपडपट्टीतील संस्था असे निरनिराळे अनुभव मिळतात, आणि ज्यांना पुढे रुग्णालयात किंवा समुपदेशनात जायचे आहे त्यांनी नागपूरचाच विचार करावा, असे मला वाटते. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही हा अभ्यासक्रम हिंदीतून आहे.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेविषयी तुम्ही संकोचाने विचारले आहे, तसा संकोच करू नका. समाजकार्याचे आपल्या देशातील पद्धतशीर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत याच संस्थेपासून सुरू झाले आणि धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरला तिचे ग्रामीण संकुल आहे. तेथील प्रवेश आता सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेवर होतात आणि तिचे अर्ज बी.ए.चा निकाल लागण्याच्या बरेच आधी निघतात, त्यामुळे आपल्याकडील अनेक मुलांना ही परीक्षा होऊन गेल्यावरच कळते. या वर्षी ती हुकली असल्यास तिच्यासाठी एक वर्ष थांबावे का, याचे सरसकट उत्तर देता येणार नाही. घरी लग्नाचा विषय सुरू असेल तर थांबू नका. मुलीचे थांबलेले शिक्षण बहुधा पुन्हा सुरू होत नाही.

इंग्रजीबाबत. मराठीतून लिहिण्याची मुभा आपल्याकडील विद्यापीठांत आहे आणि गावात तर मराठीच लागते. किंबहुना तुमच्या तालुक्यातील कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) काम करायचे असेल तर कोलामी येणाऱ्या मुलीची जितकी गरज आहे तितकी इंग्रजी बोलणाऱ्याची नाही. महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमातींपैकी कोलाम एक आहेत आणि त्यांच्या भाषेत बोलू शकणारे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते फार थोडे आहेत. तरीही निधी देणाऱ्या संस्थांचे अहवाल, संशोधन आणि प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेची पुस्तके इंग्रजीत असतात. रोज एक पान वाचून त्याचा सारांश इंग्रजीत लिहिण्याची सवय पहिल्या सत्रापासून लावून घ्या, तेवढे पुरेल.

आता नोकरीविषयी, कारण घरच्यांचा खरा प्रश्न तोच आहे. नोकऱ्या आहेत, परंतु त्यांतील बहुसंख्य कंत्राटी आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, अत्याचारग्रस्त महिलांसाठीचे सखी वन स्टॉप सेंटर, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील समुपदेशक, महिला बचत गटांचे ‘उमेद’ अभियान, पाणलोटाची कामे, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतील प्रकल्प, अशा ठिकाणी एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांना घेतात. मानधन मोठे नसते, आदेश ११ महिन्यांचे असतात, आणि प्रकल्प संपला की दुसरा शोधावा लागतो. कायमस्वरूपी पदे, म्हणजे शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक किंवा परिविक्षा अधिकारी यांसारखी, थोडी आहेत आणि त्यांच्या जाहिराती अनियमित निघतात. हे घरच्यांपासून लपवू नका. मात्र बी.एड. केल्याने नोकरी पक्की होते हा समजही तितकासा खरा नाही. तिथेही दोन वर्षे जातात आणि नंतर पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची प्रतीक्षा उभी असतेच. वडिलांशी बोलताना या दोन वाटांची तुलना अशी समोरासमोर ठेवा. कोरडवाहू कपाशीचा शेतकरी हिशेब चांगला समजतो.

खर्चाबाबत घाबरू नका. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटक्या आणि इतर मागास प्रवर्गांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. खुल्या प्रवर्गातील अल्प उत्पन्न गटासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. क्षेत्रकार्याचा रोजचा प्रवास हा एक खर्च कोणी आधी सांगत नाही, परंतु २०२३ पासून महिलांना एसटीचे अर्धेच तिकीट लागते, त्यामुळे तो भार हलका झाला आहे. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात यायला उशीर होतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि मेसची तजवीज प्रवेशापूर्वीच करून ठेवा.

प्रवेश सुरू होण्यापूर्वी दोन कामे करा. आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर, तसेच चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आताच काढायला टाका. जून-जुलैत सेतू केंद्रावर गर्दी असते आणि एका दाखल्यासाठी प्रवेश गेलेली मुले मी पाहिली आहेत. दुसरे म्हणजे, तुमच्या तालुक्याचे ठिकाण असलेल्या पांढरकवड्याच्या आसपास काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत महिनाभर जाऊन बसा, त्यांच्या कार्यकर्त्यांसोबत गृहभेटींना जा आणि रोज संध्याकाळी जे पाहिले, जे ऐकले तेवढेच वहीत लिहा. महाविद्यालयाच्या मुलाखतीत तुम्हाला समाजकार्य का करायचे आहे, असा प्रश्न येईलच. तेव्हा सेवाभावावर भाषण न करता त्या वहीतील एका घराविषयी सांगा. मुलाखतीपूर्वी तुमची वही मला पाठवल्यास मी ती जरूर वाचीन.