८५ वॉर्डांचे नकाशे, पण लेआउट एकच

प्रश्न : दादा नमस्कार, मी सुदामानगरला राहते. आमच्या ग्रुपने इंदूरच्या ८५ वॉर्डांतली सार्वजनिक बोरिंगं आणि नर्मदेच्या लाईनचे नळ फिरून फिरून मोबाईलवर टिपलेत, आता दर वॉर्डाला एक ए-थ्री नकाशा असं पुस्तक करायचंय. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक लेआउट, म्हणजे छापायच्या पानाची मांडणी, केला, मग डुप्लिकेट करायचा, नकाशा सरकवायचा, हेडिंग बदलायचं, असं करत २३ पर्यंत पोचले आणि आता सगळे म्हणतायत हेडिंग बारीक पडतंय, शिवाय खाली सर्वेची तारीख पण हवी. म्हणजे २३ च्या २३ परत उघडायचे का?

उत्तर : नाही ताई, उघडायचे नाहीत. पहिला ठेवा आणि बाकीचे २२ काढून टाका, जीवावर येईल पण टाकाच. क्यूजीआयएसमध्ये ॲटलस म्हणून सोय आहे, २०१३ च्या २.० व्हर्जनपासून ती आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. पान तुम्ही एकच मांडायचं, वॉर्डांच्या हद्दींच्या लेअरमधला एकेक वॉर्ड ॲटलस त्यात आणत जातो, त्या लेअरच्या टेबलात ८५ ओळी तर ८५ पानं.

लेआउटमध्ये ॲटलस मेनूतून सेटिंग्ज उघडा, जनरेट ॲन ॲटलसला टिक, कव्हरेज लेअर म्हणजे वॉर्डांच्या हद्दी, पेज नेमला वॉर्ड नंबरचा कॉलम. मग नकाशावर क्लिक करून त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोल्ड बाय ॲटलस, हे विसरलं की पानं ८५ निघतात पण सगळ्यांवर नकाशा तोच. हेडिंगच्या लेबलात इन्सर्ट एक्स्प्रेशन करून व्हेरिएबल्समधलं ॲटलस पेजनेम घ्या. तारखेचं पण तसंच, वॉर्डांच्या टेबलात सर्वे-तारखेचा कॉलम जोडा आणि लेबलात तो कॉलम बोलवा. आता फॉन्ट एकदा मोठा केला की ८५ ठिकाणी मोठा.

इथवर दहा-पंधरा मिनिटं. खरं काम टेबलात आहे आणि घाई तिथेच होते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वॉर्ड १ नंतर एकदम १०, मग ११, असं करत १९, आणि त्यानंतर २. तासभर लेआउटमध्ये चूक शोधत बसलो, ती तिथे नव्हतीच, नंबरचा कॉलम आकड्यांचा नसून टेक्स्टचा होता, फाईल ज्यांच्याकडून आली त्यांनी तसाच बनवलेला. सॉर्ट बायमध्ये टू इंट हे फंक्शन लावलं आणि पानं ओळीने आली. ओळी पण आधी मोजून घ्या, ८५ च्या ८६ दिसल्या तर एखादा वॉर्ड दोन तुकड्यांत पडलेला असू शकतो आणि त्याची दोन पानं निघतात, वॉर्ड नंबरवर डिझॉल्व्ह केलं की तुकडे जुळतात.

स्केलबद्दल माझं मत पक्कं आहे. राजवाड्याजवळचे वॉर्ड एवढेसे आणि बायपासकडचे मोठाले, तिथे कंट्रोल्ड बाय ॲटलसच्या खालचा मार्जिन अराउंड फीचर हा पर्याय ठेवलात तर दर पानाचं स्केल वेगळं आणि विचित्र येतं, १:३८४७ वगैरे. तुमचं पुस्तक हातात घेऊन लोक गल्लीत फिरणार, बोटाने अंतर मोजणार, म्हणून प्रिडिफाइन्ड स्केल निवडा आणि प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये मोजकीच स्केलं ठेवा, १:२५००, १:५०००, १:१०,०००, आणि सगळ्यात मोठा वॉर्ड त्यात मावत नसेल तर अजून एक. यातलं बसेल ते स्केल ॲटलस स्वतः उचलतो. प्रोजेक्ट यूटीएम झोन ४३ नॉर्थ या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक-पद्धतीत असू द्या, यादीत तिचा कोड ईपीएसजी ३२६४३, इंदूर त्यातच येतं. अक्षांश-रेखांशात ठेवलंत तर शहर आडवं ताणलेलं दिसतं.

नकाशाशेजारी त्या-त्या वॉर्डातल्या बोरिंगांची यादी पण टाका, मला वाटतं लोकांना नकाशाइतकीच तीही लागेल. ॲट्रिब्यूट टेबल टाकून शो ओन्ली फीचर्स इंटरसेक्टिंग ॲटलस फीचरला टिक करा, मात्र मॅक्झिमम रोजचा आकडा वाढवायला विसरू नका, नाहीतर जास्त बोरिंगं असलेल्या वॉर्डाची यादी मधेच तुटते आणि खालची बोरिंगं नाहीतच असं वाचणाऱ्याला वाटतं. पीडीएफ काढायच्या आधी प्रिव्ह्यूमध्ये सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लांब नावाचा वॉर्ड बघा, तीन पानांत बहुतेक सगळं कळतं.

प्रश्न : दर महिन्याला हेच पुस्तक नवीन करायचं झालं तर पायथन प्रोग्रामिंग शिकावं लागेल का?

उत्तर : लागणार नाही. डेटा बदला, प्रोजेक्ट उघडा आणि प्रोसेसिंग टूलबॉक्समधून एक्सपोर्ट ॲटलस लेआउट ॲज पीडीएफ चालवा. एकाच वॉर्डात दुरुस्ती असेल तर ॲटलसच्या फिल्टर विथमध्ये वॉर्ड नंबर तेवढाच असावा अशी अट टाकून ते एकच पान काढा, आणि पुढच्या वेळी पूर्ण पुस्तक काढायच्या आधी तो फिल्टर आठवणीने पुसा.